उस्तादांची गिनती

भरलेल्या रायफलीच्या साइटमधून मी आयुष्यात एकदाच माणूस पाहिला. साइट म्हणजे नेम धरायची ती बारीक गोल खिडकी. एरवी तिच्यातून माळाच्या टोकाला, मातीच्या बांधासमोर लावलेला काळा ठिपका तेवढा दिसतो. त्या दिवशी ठिपका दिसेना. त्याच्या जागी तांबडा पटका दिसला, मग खाकी स्वेटर आणि वर केलेले दोन हात. बोट ट्रिगरवर होतं आणि अर्धा दाब देऊन झाला होता. आज हे लिहितानाही उजव्या हाताचं ते बोट पेनावरून आपोआप सुटतं. खोटं वाटेल, पण सुटतं.

ते होते आमचे उस्ताद. उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि यांची सगळी नोकरी फौजेच्या बंदुका दुरुस्त करण्यात आणि तरण्या पोरांना त्या हाताळायला शिकवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात दोन खोल्या बांधून राहिले. मूळ गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, घर मेंढपाळांचं. धाकटा भाऊ अजून मेंढरं राखायचा. उस्तादांनी फौजेतला स्वेटर सोडला नाही आणि घरचा पटकाही सोडला नाही. मे महिन्यातसुद्धा दोन्ही अंगावर असायचं. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "एक सरकारनं दिलाय, एक बानं दिलाय. कुठला काढू?"

सांगलीजवळ माधवनगरच्या बाहेर माळावर आमचा रायफल क्लब आहे. उस्ताद शनिवारी साताऱ्याहून एसटीनं यायचे, क्लबाच्या खोलीत मुक्काम करायचे आणि रविवारी आमच्या मानगुटीवर बसायचे. मी माधवनगरचीच. वडील गिरणीत होते, मी विम्याच्या कचेरीत चिकटले होते. पोरगी रविवारी बंदूक चालवायला जाते म्हटल्यावर नात्यातल्या बायकांनी माझ्या लग्नाची आशा जवळजवळ सोडून दिली होती.

पहिल्याच रविवारी मी एक गुन्हा केला. गोळी सुटल्यावर रायफलीतून रिकामी पितळी पुंगळी बाहेर उडते. गरमागरम, सोन्यासारखी पिवळी. मला ती इतकी आवडली की मी एक उचलून खिशात टाकली. नेमबाजी संपली, आम्ही निघालो, तर गेटवर उस्ताद आडवे.

"एक खोखा कमी हाय. गेट लावा."

पुंगळीला ते फौजेतल्यासारखं खोखा म्हणत. त्या दिवशी पाहुणे म्हणून एक बडे अधिकारी आले होते, त्यांची गाडी चालू होती. गेट लागलं. सगळे गवतात गुडघ्यांवर बसून पुंगळी शोधू लागले, अधिकाऱ्यांची बायकोसुद्धा. मला वाटलं, एवढीशी तर वस्तू, आता नाही सापडली तर हे थोडेच रात्रभर कोंडून ठेवणार? मग त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं की ठेवतील. मी मुकाट्यानं पुंगळी काढून दिली.

"कशापायी घेतलीस?"

"आईला दाखवायला."

"आईला हिकडं आण. खोखा तिकडं जायचा न्हाई."

आणि पुढच्या रविवारी आई खरंच आली, तेव्हा या माणसानं तिला टाचा जुळवून सलाम ठोकला, तीच पुंगळी तळहातावर ठेवून दाखवली आणि परत डब्यात टाकली. घरी येताना आई म्हणाली, "या माणसाकडं जात जा. बिनघोर जा." आमच्या आईनं एवढ्या झटक्यात कुणाला पास केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुंगळीचं एवढं काय, तर त्यातच उस्तादांचा जीव होता. गोळी सुटताना आतल्या दाबानं पुंगळी फुगते आणि ज्या रायफलीतून सुटली तिच्या पोटाचा आकार घेते. ती पुन्हा वापरायची तर पोलादी साच्यातून, म्हणजे डायमधून, दाबून काढून मापात आणावी लागते, बाळंतिणीचं पोट बांधतात तशी. क्लबाला काडतुसं पुन्हा भरायचा रीतसर परवाना होता. भरायचं काम क्लबातच, कुलपाच्या आत चालायचं. पुंगळ्या मापात आणायचं काम मात्र उस्ताद साताऱ्याला घरी करायचे. पत्र्याच्या डब्यांत भरून न्यायचे आणि पुढच्या खेपेला चकचकीत करून आणायचे. प्रत्येक नेमबाजाचा डबा वेगळा. एकाची पुंगळी दुसऱ्याच्या डब्यात गेली तर ते म्हणायचे, "दुसऱ्याचं उष्टं खातासा व्हय रं?"

साताऱ्याचं त्यांचं घर मी एकदा पाहिलं. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ब्लाऊज शिवायच्या. शिलाई मशीनच्या लाकडी टेबलाच्या एका टोकाला मशीन आणि दुसऱ्या टोकाला उस्तादांनी बोल्ट मारून बसवलेली पुंगळ्या दाबायची प्रेस. ते दांडा खाली ओढायचे, पुंगळी साच्यात शिरायची, सगळं टेबल हलायचं.

"आवं, थांबा की जरा," मावशी म्हणाल्या. "टीप वाकडी येतीया. बाया माज्या नावानं बोटं मोडत्यात."

"तुजं शिवून झाल्यावर परत उसवता येतंय. माजं येत न्हाई."

"ऐकलंस?" मावशी माझ्याकडं वळल्या. "जल्मभर हेच. मी आपली उसवत बसायची."

साच्यात घालण्यापूर्वी पुंगळीला चोपडायला काहीतरी स्निग्ध लागतं, नाहीतर ती आत अडकून बसते. उस्ताद त्यासाठी गावाकडची कच्ची लोकर आणायचे, पाण्यात उकळायचे, वर आलेला चिकट पिवळा थर मलमाच्या जुन्या डबीत भरायचे. क्लबातल्या एका सभासदानं परदेशातून खास ह्याच कामाचं तेल आणून दिलं होतं. उस्तादांनी त्याचे आभार मानले आणि ते गेटच्या बिजागऱ्यांना घातलं. स्वतः मात्र डबीत बोट बुडवून एकेका पुंगळीला चोळत बसायचे, लेकराच्या टाळूला तेल घालावं तसे. त्यांच्या बोटांना कायम मेंढराचा वास असायचा. सांगलीतल्या आमच्या काही नाजूक सभासदांना तो सोसायचा नाही, ते काडतुसं रुमालात धरायचे.

"लय लावलं तरी वाईट, कमी लावलं तरी वाईट," ते सांगायचे. "लय लावलं तर खोख्याला खळगा पडतोय. कमी लावलं तर आत बसतोय, मग काढ बोंबलत."

मापात आणलेल्या पुंगळ्या ते मुठीत घेऊन कानापाशी खुळखुळवायचे. चांगल्या पुंगळ्या खणखणतात. एखादीला बारीक भेग असली तर तेवढी बद्द वाजते. एवढ्या खुळखुळाटातून ती एक बद्द त्यांना बरोबर ऐकू यायची. आम्हालाही त्यांनी ते शिकवलं. मला यायला एक अख्खा पावसाळा लागला.

माणसांचंही ते असंच मोजायचे. अमुक माणूस फुगलाय, तमुक मापात हाय. क्लबाचे अध्यक्ष कुठल्याशा समितीवर निवडून आले आणि त्यांच्या चालण्याबोलण्यात फरक पडला, तेव्हा उस्ताद त्यांच्या तोंडावर म्हणाले, "सायेब, फुगलासा. डायमधनं काढाय पायजे तुमाला." अध्यक्ष हसले, पण दोन रविवार आले नाहीत.

पण उस्तादांचं खरं दैवत एकच होतं. ती नेमबाजांच्या पुढ्यात चुन्यानं आखलेली रेघ. गोळीबार चालू असताना रेघेपुढं पाऊल पडलं की तो माणूस क्लबातून कायमचा बाद, तो कुणी का असेना. एका पुढाऱ्याच्या पुतण्याची टोपी वाऱ्यानं उडाली. तो ती उचलायला रेघेच्या पुढं दोन पावलं गेला. सगळ्यांच्या रायफली रिकाम्या होत्या, पण थांबायचा हुकूम सुटला नव्हता. उस्तादांनी त्याला तिथल्या तिथं गेटबाहेर काढलं. अध्यक्षांनी विनवलं, पुढाऱ्याचा फोन आला, पुतण्या स्वतः रडकुंडीला आला.

"मला काडा," उस्ताद म्हणाले, "मग त्याला घ्या. दोघं एका टायमाला हितं ऱ्हाणार न्हाई."

पुतण्या गेला. मला तेव्हा हे अति वाटलं होतं. टोपीसाठी माणसाला कायमचं घालवायचं म्हणजे काय!

आणखी एक गोष्ट ते आमच्या बोटांत मुरवत बसायचे. आम्ही रिकाम्या रायफली घेऊन चटईवर पालथे पडलो की ते अचानक समोर येऊन उभे राहायचे आणि आमची बोटं पाहायचे. "समोर माणूस दिसला का बोट भाईर. मग इचार करा कोण हाय, कशाला आलाय. आधी बोट." हे इतक्या वेळा झालं की कंटाळा यायचा. माझ्या शेजारी झोपणारी मैत्रीण कुजबुजायची, आलं गं बाई बुजगावणं.

त्या वर्षी साताऱ्यात पाऊस हटेना. उस्तादांच्या दोन खोल्यांत भिंती घामेजल्या, पुंगळ्या काळ्या पडू लागल्या, आणि मावशींचं काम वाढल्यामुळं टेबलाचं दुसरं टोकही त्यांना हवं होतं. उस्तादांनी तोडगा काढला. मापात आणलेल्या पुंगळ्यांचे डबे उचलले आणि गावी भावाच्या घरी नेऊन ठेवले.

"आमच्याकडं पाऊसच न्हाई," आम्हाला खुशीत सांगितलं. "पितळ म्हंजे कसं, ठणठणीत ऱ्हाईल."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पितळेला ओल वाईट आणि कवठे महांकाळकडचा भाग कोरडा, यात चूक ती काय असणार? पाऊस ओसरल्यावर त्यांनी त्यातले काही डबे आणले, एकेक पुंगळी वाजवून घेतली, आणि क्लबात बसून आमच्यासाठी काडतुसं भरली. निवड चाचणी तोंडावर आली होती. राज्याच्या संघात कोण जाणार ते त्या दिवशी ठरणार होतं. मी चार वर्षं त्या एका दिवसासाठी रविवार जाळले होते.

चाचणीच्या सकाळी वीज गेली, त्यामुळं माइक बंद. मोठ्या रायफलीवाले आम्ही सगळे रेघेमागं चटयांवर पालथे. कानांवर जाड कर्णरक्षक. त्यातून शेजारच्या रायफलीचा धमाकासुद्धा लांबून कुणी दार आपटावं तसा येतो. गोळीबार सुरू झाला. माझ्या पहिल्या गोळ्या बऱ्या गेल्या होत्या. मी नवं काडतूस भरलं, श्वास अर्धा सोडला, ठिपक्यावर नेम धरला.

आणि समोर उस्ताद.

मला आधी काही कळलंच नाही. उस्ताद रेघेच्या पुढं? गोळीबार चालू असताना? देवळातल्या पुजाऱ्यानं चपला घालून गाभाऱ्यात जावं, तसं ते होतं. ते आडवे धावत होते, आमच्या सगळ्या नळ्यांच्या समोरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात वर करून. तोंड उघडं होतं, म्हणजे ओरडत असावेत. मला आठवतं ते एवढंच की मी विचार करायच्या आधीच माझं बोट बाहेर आलेलं होतं.

शांतता झाली. कर्णरक्षक काढले तेव्हा त्यांचा आवाज आला. "हात लावू नगा! रायफली तशाच ठेवा! हात लावू नगा कुणी!"

आम्ही उठून मागं झालो. ते एकेका रायफलीपाशी बसले, स्वतःच्या हातानं काडतूस बाहेर काढलं, डब्यात ठेवलं. अध्यक्ष धावत आले, पांढरेफटक. "उस्ताद, हे काय? वेड लागलं का तुम्हाला? एखादी सुटली असती तर?"

उस्तादांनी खोलीतून दुसरा डबा आणला. त्याच गावाकडच्या खेपेतला, अजून न भरलेला. चटईवर उपडा केला. आम्ही वाकून पाहिलं. पुंगळ्यांना भेगा गेल्या होत्या. गळ्याशी, पोटाशी, काहींना पार बुडापर्यंत. काही दिवसांपूर्वी कानापाशी खणखणलेल्या त्याच पुंगळ्या. डबा बंद होता, कुणी हात लावला नव्हता, ठोकर बसली नव्हती, आणि पितळ आपल्याआपण फाटलं होतं. मी एक उचलली तर ती बोटांत दोन झाली. आजवर मी पुष्कळ अपघातांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, विम्याच्या कचेरीत तेच काम आहे. पण त्या पुंगळ्या पाहून मला जी भीती वाटली तशी कधी वाटली नाही. अशी भेग पुंगळीला असताना गोळी सुटली तर आतली पेटलेली दारू पुढं न जाता मागं येते, आणि मागं माझा डोळा असतो.

झालं होतं असं, की ते आत खोलीत सहज म्हणून हा डबा उघडून मूठभर पुंगळ्या वाजवत होते, आणि सगळीच मूठ बद्द वाजली. बाहेर आम्ही त्याच खेपेची काडतुसं उडवत होतो.

"पण पुढं का गेलात?" कुणीतरी विचारलं. "मागून खांद्याला हात लावायचा होता."

"एकाला हात लावला आस्ता. तवर दुसरा उडवतोय." ते खाली बसून पुंगळ्या गोळा करत होते. "समोर दिसलो का सगळी थांबत्यात."

चाचणी पुढं ढकलली गेली. आम्ही सगळे हादरून बसलो होतो, आणि तोवर आम्हाला वाटत होतं की दिवसातला धक्का होऊन गेला. मग उस्तादांनी सगळ्या काडतुसांतल्या गोळ्या काढल्या, दारू मोजून कुलपात परत ठेवली, पुंगळ्यांची गिनती केली. पुन्हा केली. मग खोलीची किल्ली अध्यक्षांच्या हातात दिली.

"एक खोखा कमी हाय," ते म्हणाले.

आम्ही गेटकडं पाहिलं. ते गेट लावायला सांगणार, आम्ही गवतात गुडघ्यांवर बसणार, हे ठरलेलं होतं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि स्वतः गेटबाहेर पडले.

"उस्ताद, कुठं निघालात?"

"रेघेच्या म्होरं गेलोय मी. सगळ्यांनी बघितलंय."

अध्यक्षांनी हात धरला. तुम्ही आमचे डोळे वाचवलेत, जीव वाचवलेत, म्हणाले. मी तर सरळ रडत होते. उस्ताद रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत होते, गेटच्या आत मात्र पाय टाकत नव्हते.

"त्या टोपीवाल्या पोराला काय सांगू मग?" एवढंच म्हणाले आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले. मला त्यांचा इतका राग आला! माणसानं नियम पाळावा, पण स्वतःला असं उपटून फेकावं? पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर मावशी म्हणायच्या, "गावाला गेल्यात, मेंढरांत." टेबलाचं दुसरं टोक आता रिकामं होतं. "टीप सरळ येतीया," त्या म्हणाल्या.

राज्याच्या संघात माझी निवड झाली, त्यानंतर लग्नही झालं. मग एकदा कचेरीच्या कामानं कवठे महांकाळला गेले होते, तिथून जीप करून त्यांच्या गावी गेले. उस्ताद घरासमोर घोंगडीवर बसले होते. पटका होता, स्वेटर होता. मला पाहून टाचा जुळवायला उठले, गुडघे वाजले.

घराच्या एका अंगाला मेंढरं कोंडायचा वाडगा आणि त्याला लागून एक खोली. मी तिच्या दारात गेले आणि नाकाला पदर लावला. डोळ्यांतून पाणी आलं. मुताचा तो उग्र, झोंबणारा वास भिंतीतच मुरला होता.

"डबे इथं होते?"

"व्हय."

मग ते सावकाश सांगू लागले. भरतीला गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या उस्तादानं एक नियम घोकून घेतला होता, तबेल्याच्या अंगाला काडतुसं ठेवायची नाहीत. का, ते कुणी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. घोडी बिथरत असतील, असं वाटलं. जनावरांच्या मुताच्या उग्र वाफेनं पितळ आतून खचतं आणि आपोआप फाटतं, हे नंतर कळलं.

"नियम तोंडपाठ व्हता गं. पर त्यो तबेल्याचा. मेंढरं म्हंजे काय घोडी हायत व्हय?" ते वाडग्याकडं पाहत होते. "आणि वास म्हणशील तर, मला अजून येत न्हाई. ह्यातच जल्मलो. तू नाकाला पदर लावलास तवा म्हटलं, हां, आसंल."

ज्या मेंढरांच्या लोकरीनं त्यांच्या पुंगळ्या सांभाळल्या, त्यांनीच त्या फोडल्या होत्या.

"त्या दिवशी भीती नाही वाटली?" मी विचारलं. "आमच्या सगळ्यांच्या रायफली भरलेल्या होत्या."

"तुमचं कसलं भ्या? बोटं सगळी मीच शिकवल्याली." मग स्वेटर वर करून आतल्या बंडीच्या खिशात हात घातला. "ह्याचं वाटलं."

त्यांच्या तळहातावर एक पुंगळी होती. गोळी नाही, दारू नाही, मागची टिकली न फुटलेली. बुडापासून वरपर्यंत उभी भेग.

"तुज्या रायफलीतली. अर्धा दाब दिला व्हतास तू. मी बघितलं."

मी ती हातात घेतली. भेगेत माझं नख सहज शिरलं. ज्या डोळ्यानं मी ती पाहत होते तोच डोळा. मी घोंगडीवर बसले. आयुष्यभर दुसऱ्याचे खिसे रिकामे करायला लावणाऱ्या या माणसानं त्या दिवशी स्वतःच्या खिशात पुंगळी टाकली होती, आणि गिनती कमी म्हणून सांगून गेटबाहेर पडला होता. मला ती दिसू नये म्हणून. मी चाचणीला पुन्हा त्याच चटईवर निजावं म्हणून.

"आता तू परत गोळ्या उडवल्यास, संघात जाऊन आलीस. आता दावायला हरकत न्हाई." त्यांनी माझी मूठ मिटली. "क्लबात जमा कर. त्या दिसाची गिनती उघडीच हाय अजून."

रविवारी मी ती माधवनगरला नेली आणि बाद पुंगळ्यांच्या डब्यात टाकली. ती बद्द वाजली. मग गेटपाशी उभी राहून फोन लावला. पलीकडून मेंढरं ओरडत होती.

"उस्ताद, गिनती पुरी."

मग त्यांचा रविवारचा जुना आवाज आला.

"मग गेट उघडा की रं."